अण्णांचं स्टेशन

आमच्या अण्णांनी घर बांधलं तेव्हा त्याचं तोंड रस्त्याकडे ठेवलं नाही, होणाऱ्या स्टेशनाकडे ठेवलं. त्यामुळे पाहुणे मोरीशेजारून, स्वयंपाकघरातून आत शिरत. अण्णा म्हणजे माझे थोरले काका, भिवंडीच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. गाव त्यांना तोंडावर अण्णा म्हणे आणि पाठ वळली की स्टेशनमास्तर.

मालगाड्यांच्या लाइनीसाठी जमिनी घ्यायला साहेब आला, तेव्हा पहिली सही अण्णांची. साहेब जाता जाता म्हणाला, पुढेमागे इथे स्टेशनचाही विचार आहे. झालं! अण्णांनी तिथल्या तिथे मनात प्लॅटफॉर्म बांधून टाकला. दारोदार फिरून लोकांना पटवलं. वसईला दिलेली आपली लेक पाऊण तासात माहेरी येणार, गावच्या पोरी गाडीने कॉलेजला जाणार, काय नि काय. माझे बाबा सगळं ऐकत राहिले आणि शेवटी आपलं भाताचं खाचर देऊन मोकळे झाले.

लाइन आली. गाड्याही येतात, डब्यांवर डबे चढवून, अगदी रुबाबात. फक्त थांबत नाहीत. अण्णांच्या पुढच्या दारासमोर आता दोन पुरुष उंच भराव आहे. पलीकडे शेतं जाऊन गोदामं उठली, आणि अलीकडे अडलेलं पावसाचं पाणी दरवर्षी शेजारच्या आमच्या घरात मुक्कामाला येतं. गाडी गेली की अण्णांच्या फळीवरची भांडी खाली येत. अण्णा ती गोळा करत म्हणत, "प्रगतीचा आवाज असाच असतो."

ज्या वर्षी पाणी तांदळाच्या कणगीत शिरलं, त्या वर्षापासून बाबांनी अण्णांशी बोलणं टाकलं. मला तेव्हा अण्णांचा असा राग आला होता की सांगता सोय नाही.

गेल्या वर्षी काकी गेल्या, आणि लेक अण्णांना कायमचं वसईला न्यायला आली. ट्रकांच्या रांगेतून, साडेतीन तास रिक्षात हाडं खिळखिळी करून. निघताना अण्णा आमच्याकडे आले आणि दारातच उभे राहून बाबांना म्हणाले,

"नाना, मी तुला फसवलं न्हाय रे. मला सांगितलं, तेच तुला सांगितलं."

बाबा खाली बसून पाण्याने फुगलेलं दार तासत होते. मान वर न करता म्हणाले, "स्टेशन होणार न्हाय, हे मला तवाच ठाव होतं."

"मग जमीन दिलीस कशाला?"

"जन्मात पहिल्यांदा माझ्याकडं कायतरी मागायला आला होतास."

अण्णा उंबऱ्यावर बसले. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला, पण दोघांपैकी कोणी उठलं नाही.