उलटा हात

मुलचेऱ्यात वडील अंथरुणाला खिळल्यावर त्यांची दाढी करायला एक न्हावी दर रविवारी घरी येई. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं तो वडिलांच्या गालांवर ठेवी आणि निवांत बसे. केस मऊ झाले की साबण लावून त्यांच्या वळणानंच हलका वस्तारा फिरवी. शेवटी कोरफडीचा गर लावी.

वडिलांची कातडी फार पातळ झाली होती. तरी गाल चाचपून ते कुरकुरत, "खरखर लागते ना बे. एक हात उलटा मार."

"नाई बाबाजी. उलटा मारला का पुरळ उठते. मंग रातभर तुमची आग, अन् सकाळी मले शिव्या."

"शिव्या तं तुले तशाही देतो."

दोघंही हसत. खरखर तेवढी राहून जाई.

वडील गेले त्या सकाळी, शेवटच्या आंघोळीआधी दाढी करायला तोच आला. फडकं ठेवून नेहमीइतकाच थांबला. मग पहिल्यांदाच त्यानं गळ्याकडून वर, उलटा वस्तारा फिरवला. गाल अगदी गुळगुळीत झाले. माझा हात धरून त्यानं तो गालावर ठेवला.

"एवढंच मांगत होते, भाऊ. एखाद्या रविवारी मारून द्याले पायजे होता."

"तुम्ही त्यांना जपत होता," मी म्हणालो.

"जपलं ना," वस्तारा पुसत तो म्हणाला. "पण मांगतलं ते नाई देलं."