आत्याचा नवा गुडघा

मसाका गावातल्या पन्नासेक पोरींना गुडघे टेकून नमस्कार कसा करावा हे बुलांदिना आत्यानं शिकवलं होतं. आम्हा बागंडा लोकांत भाचीला वळण लावायचं ते आत्यानंच, आईनं मध्ये बोलायचं नाही. कंबर ताठ, नजर खाली. एखादी धप्पकन बसली की आत्या म्हणायची, "अगं, नमस्कार करतेस की केळीचा घड उतरवतेस?"

त्याच आत्याचा उजवा गुडघा चार महिन्यांपूर्वी कंपालाच्या इस्पितळात बदलला आणि तेव्हापासून ती कुणासमोर टेकली नव्हती.

गुडघा उत्तम बसलाय, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना काय कळतंय, गुडघा माझा आहे, असं आत्या म्हणाली. कुणी विचारपूस करायला आलं की तिचं दुखणं दारापर्यंत सामोरं जायचं. पाहुणे गेले की ती शेजारणीच्या शेळीला मक्यातून हाकलायला तरातरा निघायची आणि अर्ध्या वाटेत आठवण झाली की लंगडायची. ती ढोंग करत होती असं मात्र समजू नका. वाकायचा नुसता विचार केला तरी गुडघ्यातून कळ यायची आणि दरदरून घाम फुटायचा.

त्यात भाची प्रॉसीची क्वांजुला तीन आठवड्यांवर आली. त्या दिवशी नवऱ्याकडची मंडळी रीतसर ओळख द्यायला येतात. आत्यानं भर मंडपात टेकून त्यांचं स्वागत करायचं आणि त्यांच्यातून नवरा मुलगा हुडकून पुढे आणायचा. थोरला भाऊ येरेमिया भल्या मनानं म्हणाला, "बुलांदिना, तू आपली खुर्चीवर बस. युनिया करेल सगळं."

युनिया म्हणजे चुलत बहीण.

"युनिया?" आत्या कडाडली. "दादा, ती टेकते तेव्हा अंगणातल्या कोंबड्या उडतात!"

"मग तू टेकशील?"

गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय, असं आत्यानं संध्याकाळी जाहीर केलं. तो होता तेवढाच होता.

मंगळवारी व्यायाम शिकवणारी लाकेर आली. उत्तरेकडच्या अचोली जमातीची पोरगी, पण सगळ्या गावासारखी तीही हिला आत्याच म्हणायची. तिनं गुडघा दुमडून पाहिला. छान दुमडला.

"आत्या, भिता कशाला?"

"भिते? मी? दुखतंय मला."

"टेकल्यावर दुखेल ना? अजून टेकलात कुठे तुम्ही?"

आत्यानं दार लोटून घेतलं. "आतलं लोखंड निसटलं तर? सगळ्या मंडपासमोर तोंडावर आपटेन मी. जिला जिला बोलले ना, ती प्रत्येक पोरगी तिथे असणार."

लाकेर हसली नाही, हे तिचं शहाणपण. "निसटत नाही, आत्या. जखम भरलीय. चुरचुरेल, बधिर वाटेल, पण मोडायचं नाही. भीतीनं तुम्ही अंग आवळता, म्हणून दुप्पट दुखतं. आधी गादीवर टेकून बघू."

"म्हणजे मी आता पलंगाला नमस्कार करू?"

"पाहुणा आहे समजा."

पहिल्या दिवशी आत्या पलंगावर टेकली आणि लहान मुलासारखी रडली. दुसऱ्या आठवड्यात ती उशीवर आली, मग घडी घातलेल्या चटईवर. घरात कुणाला कळू दिलं नाही.

क्वांजुलाच्या दिवशी मंडप भरला. युनिया गोमेसीचा नवा, सणासुदीचा झगा घालून, वेळ पडलीच तर म्हणून, मागेच उभी होती. आत्या पाहुण्यांपुढे गेली आणि खाली टेकू लागली. कंबर काही ताठ राहिली नाही. हात जमिनीला लागला, चांगला धप्प आवाज झाला आणि पोरींच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

गुडघा दुखला. पण नुसता दुखला. त्यापुढे काही झालं नाही, आणि आत्याला इतका आनंद झाला की दोन मिनिटांचं स्वागत तिनं पाव तास लांबवलं. पाहुण्यांच्या आजोबा-पणजोबांची चौकशी झाली, त्यांच्या गाईगुरांची झाली. येरेमिया तीनदा खाकरला.

शेवटी उठायची वेळ आली, तर उठता येईना. युनियानं पुढे होऊन हात दिला आणि कानाशी विचारलं, "फार दुखतंय का गं?"

चार महिने गावभर दुखण्याचा पाढा वाचणारी आत्यानं तिचा हात घट्ट धरला.

"थोडंसं," ती म्हणाली, आणि सगळा भार युनियाच्या हातावर टाकून उठली.