खरवडलेल्या रबरावरचा अंगठा

थोरलीच्या तोंडी कोणी लागत नसे. नवरा गेल्यावर तिने टायरदुरुस्तीचं दुकान चालूच ठेवलं, तेव्हा अख्ख्या गल्लीच्या पोटात दुखलं. दीर म्हणाला, "वहिनी, हे काय बाईमाणसाचं काम आहे?" थोरली म्हणाली, "भाऊजी, टायरला विचारा. तो नको म्हणाला तर सोडते."

पण दुकान सासऱ्याच्या नावावर, आणि दिराला ते भाड्याने द्यायचं होतं. रोजच्या कटकटीला म्हातारा कावला आणि निकाल देऊन मोकळा झाला. टँकरवाल्याचा चिरलेला टायर थोरलीने म्हाताऱ्यासमोर जोडायचा. टिकला तर दुकान तिचं, नाहीतर कुलूप.

थोरलीने चिरेभोवतीचं रबर खरवडून खडबडीत केलं, भुसा झाडला. आता सोल्युशन लावायचं, ते पुरतं सुकू द्यायचं, कच्च्या रबराची पट्टी दाबून बसवायची, आतून ठिगळ लावायचं आणि सगळं गरम साच्यात शिजवायचं. शिजलं की नवं-जुनं रबर एकजीव होतं. फक्त खरवडलेल्या जागेला हात लावायचा नाही. बोटाचं तेल लागलं की वरून काम झकास दिसतं आणि भर रस्त्यात दगा देतं. हा धडा तिला नवऱ्याने दिला होता, आणि नवऱ्याला त्याच्या बापाने, पाठीत धपाटे घालून.

आणि त्याच बापाने, "बघू, नीट घासलंय का," म्हणत त्या जागेवरून अंगठा फिरवला. नुकताच जेवून उठलेला अंगठा!

टँकरवाला छताकडे बघायला लागला. दिराने पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्याचं तर आयतंच फावलं होतं. बोलावं तर चारचौघांत म्हाताऱ्याचा पाणउतारा, गप्प बसावं तर टायर फसणार. थोरलीचं डोकंच फिरलं. गेला मान खड्ड्यात!

"मामंजी, हात लावलात. परत घासावं लागेल."

"माझ्या दुकानात मलाच शिकवतेस?" म्हातारा लालबुंद झाला.

"तुमचंच तुम्हाला सांगतेय. उद्या ठिगळ सुटलं तर स्टिअरिंगवर हा बिचारा असेल, तुमचा मान नसेल."

तिने घासायचं मशीन सुरू केलं आणि ती जागा पुन्हा खरवडली, पुन्हा झाडली, पुन्हा सोल्युशन लावलं. "चिकटवा की आता," दीर चुळबुळला. "ओल्यावर चिकटवू? मग तुम्हीच बसा टँकरमध्ये," ती म्हणाली. म्हातारा खुर्चीत जाऊन बसला. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते, टायर साच्यातून निघेपर्यंत बाहेर काढले नाहीत.

हवा भरली, चाक चढवलं, टँकर गेला. दीर म्हणाला, "अजून टिकायचाय हं, वहिनी. नाहीतर कुलूप मीच आणतो."

"आणा की! जुनं गंजलंय, रात्री लावायला होईल. सकाळी मी उघडेन. टायर टिकेल, माझ्या हातचा आहे. पण त्याच्यावर मी इथे राहायचं की जायचं ही पैज तुम्ही बापलेकांनी लावलीत. मला कोणी विचारलं होतं?"

दीर बापाकडे वळला. "बाबा, ऐकलंत?"

"ऐकलं की," म्हातारा म्हणाला. "तू जरा बाजूला हो. पुढचं गिऱ्हाईक उभं आहे."