तांड्याची विहीर

छप्पन साली वडिलांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली आणि परत येताच मला म्हणाले, "पोरी, तू नर्स हो." प्रशिक्षण संपवून मी महागाव तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा वीस वर्षांची होते.

आमच्या डॉक्टरांची एक अजब रीत होती. शनिवारची बैठक ते स्वतः घेत नसत. दर आठवड्याला आमच्यापैकी एकानं ती चालवायची. माझी पाळी आली तेव्हा कंपाउंडरभाऊ बसलेच नाहीत. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस, भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभा राहिला. का, ते सगळ्यांनाच कळत होतं. बैठक संपल्यावर मी डॉक्टरांपाशी रडले.

"तुम्ही त्यांना काहीच का बोलला नाहीत?"

"मी बोललो तर तो माझं ऐकेल. तुझं कधी ऐकेल?"

मला त्यांचा रागच आला. पण पुढच्या पाळीला मी औषधांच्या साठ्याचे प्रश्न नीट तयार करून गेले. कंपाउंडरभाऊंनी उभ्यानंच, पण उत्तरं दिली.

तिसऱ्या उन्हाळ्यात डॉक्टर टायफॉइडनं यवतमाळला दवाखान्यात पडलेले असताना एक माणूस सायकल दामटत आला. त्याच्या बंजारा तांड्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ लागली होती. दोघं गेले होते.

"साहेबाच्या हुकमाबिगर कसं जाता येईन, बाई?" कंपाउंडरभाऊ म्हणाले.

"हुकूम येईस्तोवर अजून दोघं जातील," मी म्हटलं. "तुम्ही सलाईनच्या बाटल्या बांधा. मी लसीच्या कुप्या घेते."

एवढं ठाम मी याआधी कुणाशी बोलले नव्हते. ते बाटल्या बांधायला लागले.

तांड्यात आजाऱ्यांना सलाईन लावून मी विहिरीकडे वळले, तर तांड्याचे प्रमुख, नायक, आडवे आले. "विहिरीत काही टाकू देनार नाही. लोकं पितेत हे पानी."

लहानपणी गावच्या विहिरीवर माझी आई घागर घेऊन, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत उभी राहायची. आणि इथे मी ब्लीचिंग पावडरची बादली हातात घेऊन विहिरीच्या काठाशी उभी होते. पण नायकांशी भांडून काम होणार नव्हतं. मी तांड्यातल्या म्हाताऱ्या सुईणीला बोलावलं. दोन वर्षं मी तिला कात्री उकळायला शिकवत होते, आणि ती मला पोटातलं आडवं बाळ कसं फिरवायचं ते.

"याडी," तांड्यात आईला म्हणतात तशी मी हाक मारली, "तूच सांग यांना."

तिनं नायकांकडे पाहिलं. "टाकू दे तिले. पह्यली मी पेते. मले काही झालं, त मंग बाईले धरा."

आम्ही पावडर सोडली, तासभर थांबलो. तिनं पहिली बादली ओढली आणि सगळ्यांदेखत ती ओंजळीनं पाणी प्यायली. त्यानंतर लस टोचून घ्यायला रांग लागली.

आठ दिवस आम्ही तिथेच होतो. त्या दोघांनंतर तांड्यात एकही माणूस दगावला नाही.

डॉक्टर परत आले नाहीत. त्यांची बदली झाली. नवे डॉक्टर आले, तेव्हा मी आत ड्रेसिंग करत होते. त्यांनी बाहेर विचारलेलं मला ऐकू आलं, "इथलं काम सध्या कोण पाहतं?"

"आमच्या बाई," कंपाउंडरभाऊ म्हणाले. "त्याईलेच विचारा."

माझ्या हातातली पट्टी सुटली. ती मी पुन्हा पहिल्यापासून बांधली.