वैरागडेंची पाहणी

शशिकांत वैरागडे यांना कोणी 'झाडं मोजणारे' म्हटलं की त्यांच्या नाकावर राग येई. "मोजतो तो लाकडाचा ठेकेदार," ते म्हणत. "आम्ही झाडाची तब्येत पाहतो." मूळचे भंडाऱ्याकडचे. लखनौच्या एका सरकारी वनसंशोधन संस्थेत तांत्रिक सहायक म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले. मानक नगरात एका रेल्वेवाल्याच्या घराचा वरचा मजला, पत्नी पद्मिनी, मुलगी मैत्रेयी आणि एक जुनी स्कूटर, एवढा त्यांचा पसारा. हुद्दा छोटा, पण तोरा असा की संचालकसाहेबांनी यांना विचारूनच शिक्का मारावा.

तोरा अगदीच पोकळ नव्हता म्हणा. १९९० साली संस्थेने सरोजिनी नगरच्या पुढे, कालव्याच्या कडेची दोनशे शिसमाची झाडं निवडली. प्रत्येकाला पत्र्याचा नंबर ठोकला, छातीच्या उंचीवर पिवळ्या रंगाचा पट्टा ओढला. त्या सुमारास शिसम ठिकठिकाणी शेंड्याकडून वाळायला लागला होता. तो रोग इथे येतो का, आला तर किती वेगाने पसरतो, हे दरवर्षी पाहायचं होतं आणि ते काम वैरागडेंकडे आलं. ऐकायला सोपं काम. ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, उन्हाकडे पाठ करून झाडापासून लांब उभं राहायचं. दुर्बिणीतून माथा न्याहाळायचा, पानांमधून आभाळ किती दिसतंय याचा अंदाज घ्यायचा आणि शून्य ते चार यांपैकी एक आकडा लिहायचा. शून्य म्हणजे ठणठणीत, चार म्हणजे मेलेलं.

या कामाचे दोन नियम होते. पहिला असा की, मागच्या वर्षीचे आकडे आधी बघायचे नाहीत, नाहीतर हात आपोआप तेच लिहितो. हा नियम वैरागडेंनी सोवळं पाळावं तसा पाळला. जुनी नोंदवही ते पद्मिनीच्या हवाली करत आणि ती कपाटात साड्यांखाली कुलूपबंद करून ठेवी. "बघा हं, मागितलीत तरी देणार नाही," ती म्हणे. दुसरा नियम म्हणजे कार्ड. त्यावर पाच चित्रं होती, भरगच्च माथ्यापासून पार उघड्या माथ्यापर्यंत. ते कार्ड प्रत्येक झाडापाशी डोळ्यांसमोर धरायचं आणि मगच आकडा लिहायचा. पहिली दोन वर्षं वैरागडेंनी ते धरलं. तिसऱ्या वर्षी पाकिटातून काढलंच नाही. चित्रं काय पाहायची, शिसम माझ्या डोळ्यांत बसलाय, असं त्यांचं म्हणणं. भर उन्हात स्वतःहून जाणाऱ्या माणसाला सरकारी कचेरीत कोण टोकणार? कोणीही टोकलं नाही.

वर्षामागून वर्षं गेली आणि आकडे फारसे हलले नाहीत. शून्याचे एक झाले, थोडे एकाचे दोन. विभागप्रमुख डॉ. सक्सेना खूश होते. सगळीकडून मरतुकीच्या बातम्या येत असताना आपली कालव्याकडची झाडं टिकून होती. सात वर्षांच्या आकड्यांवर त्यांनी शोधनिबंध लिहायला घेतला आणि त्यात दुसरं नाव वैरागडेंचं घालायचं कबूल केलं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत छापील कागदावर पहिल्यांदाच नाव येणार होतं. पद्मिनीने ही बातमी गल्लीत घरोघर पोचवली.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत पद्मिनीची धाकटी बहीण विनीता नागपूरहून आली. तीन वर्षांनी येत होती, म्हणून तिघंही तिला घ्यायला चारबाग स्टेशनवर गेली. गाडी चार तास उशिरा. विनीता डब्यातून उतरली, भाऊजींना वाकून नमस्कार केला, मैत्रेयीला पोटाशी धरलं आणि इकडेतिकडे पाहत म्हणाली, "अन् ताई? ताई नाही आली का?"

पद्मिनी तिच्यापासून दोन हातांवर, शाल गुंडाळून उभी होती.

"अगं, मीच की," ती हसून म्हणाली.

विनीताच्या हातातली पिशवी खाली पडली. हमाल, गर्दी, कशाचीही पर्वा न करता ती बहिणीला चाचपून पाहू लागली, खांदे, दंड, मनगटं. मग वैरागडेंकडे वळली. "भाऊजी, अर्धी झालीय हो ही! तुमचं लक्ष असतं तरी कुठे?"

वैरागडेंनी बायकोकडे पाहिलं. अगदी खरं सांगायचं तर त्यांना काहीच वेगळं दिसलं नाही. ही काल होती तशीच होती, परवा होती तशीच होती. "ॲसिडिटी आहे तिला," ते म्हणाले, "जेवण थोडं कमी झालंय." आणि सामान घेऊन जिन्याकडे चालू लागले.

विनीताने दुसऱ्याच दिवशी बहिणीला दवाखान्यात नेलं. पोटात गाठ निघाली आणि ती पसरली होती. डॉक्टर भला माणूस होता, आवाज न चढवता म्हणाला, "साल भर पहले ले आते, तो कुछ बात थी।" अकरा आठवड्यांत सगळं आटोपलं. एप्रिलच्या एका सकाळी, मैत्रेयी कपाळावर ओला रुमाल ठेवत असताना, पद्मिनी गेली.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वैरागडे एकच सांगत, "अचानक झालं हो सगळं." शेजारच्या रेल्वेवाल्यांना हिंदीत, भंडाऱ्याच्या भावाला फोनवर मराठीत, संस्थेतल्या लोकांना मान खाली घालून. कोणी त्यांना खोटं ठरवलं नाही. ते खोटं बोलतच नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. विनीता मात्र हे ऐकलं की उठून आत जाई.

ऑक्टोबरात पाहणीची वेळ आली. कपाटाची किल्ली आता त्यांच्याच खिशात होती. कालव्यावर पोचले, दुर्बीण डोळ्यांना लावली. सोळा झाडं कशीबशी लिहिली. सतराव्यापाशी आकडा लिहवेना. विनीताचा स्टेशनवरचा प्रश्न आठवून स्वतःच्या नजरेवरचा विश्वासच उडालेला. त्यांनी पाकिटातून कार्ड काढलं. पाच वर्षं उजेड न पाहिलेलं कार्ड अजून कोरं करकरीत होतं. सतरा नंबरला त्यांनी मनात एक दिला होता. चित्रांशी ताडून पाहिलं तर तो तीन होता.

आधी त्यांना वाटलं, कार्डच चुकीचं छापलंय. अठरावं पाहिलं, एकोणिसावं पाहिलं. मागे जाऊन पहिली सोळा पुन्हा पाहिली. ऊन कलेपर्यंत चाळीस झाडं झाली आणि त्यांतली सव्वीस त्यांच्या अंदाजापेक्षा दोन-दोन आकड्यांनी जास्त वाळलेली होती. मग त्यांनी वाळक्या फांद्या नीट पाहिल्या. कित्येकींची साल गळून लाकूड राखाडी पडलं होतं, काहींवर पोपटांनी ढोल्या कोरल्या होत्या. मेलेल्या फांदीची साल अशी एका वर्षात गळत नाही, हे त्यांनी स्वतःच कितीतरी नव्या लोकांना शिकवलेलं. हे या वर्षी झालेलं नव्हतं. दर ऑक्टोबरात ते इथे उभे होते, दुर्बीण लावून, झाडं त्यांच्यादेखत वाळत होती आणि त्यांची 'चांगलं झाड' म्हणजे काय ही कल्पनाही त्या झाडांबरोबर थोडीथोडी वाळत गेली होती. कालव्याच्या बांधावर बसून हा छपन्न वर्षांचा माणूस हमसून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉ. सक्सेनांना सगळं सांगितलं, कार्डासकट. सक्सेनांनी खुर्ची ओढून त्यांना बसवलं, चहा मागवला.

"वैरागडे जी, अभी घर में इतना बड़ा हादसा हुआ है। आप मन पर मत लीजिए।" मग आवाज खाली आणून म्हणाले, "इस साल के रिमार्क में लिख दीजिए कि अचानक हुआ। सत्तानवे में एकदम गिरावट आई। सब जगह आ रही है। पेपर भी बच जाएगा, आप भी।"

सल्ला वाईट नव्हता. कोणाला कळणार होतं? निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, नाव छापून येणार आणि ज्या बाईने ते नाव गल्लीभर आधीच मिरवलं होतं तिच्यासाठी तरी ते यावं, असंही त्यांना वाटलं. शेऱ्याचा कागद घेऊन ते घरी आले, टेबलाशी बसले, पेन उघडलं. 'अचानक' एवढाच शब्द लिहायचा होता. एप्रिलपासून तो ते दिवसातून चार वेळा बोलत होते. पण हातातून उतरेना.

तीन दिवस कागद तसाच पडला होता. चौथ्या दिवशी त्यांनी लिहिलं की ऱ्हास गेली चार-पाच वर्षं हळूहळू होत होता. पाहणी करणाऱ्याने तुलनेचं कार्ड वापरणं सोडलं होतं, म्हणून त्याला तो दिसला नाही. १९९१ नंतरचे सर्व आकडे रद्द समजावेत. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही.

सक्सेनांनी कागद दोनदा वाचला. "पाँच साल के आँकड़े, वैरागडे जी," एवढंच म्हणाले आणि फाइलीत लावला. निबंध बारगळला. पुढे दुसऱ्या माणसाने कार्ड घेऊन पाहणी केली आणि महिन्याभरात कालव्यावर तोडीसाठी झाडांना लाल खुणा झाल्या. आधीच वाळकी झाडं काढली असती तर बाकीची वाचली असती की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. वैरागडे ते विचारायलाही गेले नाहीत.

एक हिशेब मात्र अजून घरात द्यायचा होता. त्या रविवारी दुपारी मैत्रेयी ओट्याशी चहा करत होती. एकोणीस वर्षांची, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर हिंदीत देणारी. वैरागडे दारात उभे राहिले.

"मैतू, आईचं... मी सगळ्यांना अचानक झालं म्हणत होतो ना? तसं नव्हतं, बाळा. वर्षभर ती झिजत होती. मी रोज समोर बसून जेवत होतो. मला दिसलं नाही."

मैत्रेयीने मागे वळून पाहिलं नाही.

"पता है, बाबा।" चहात साखर घालत म्हणाली, "आई हर महीने ब्लाउज़ अंदर लेती थी। सुई में धागा मैं ही डालती थी। पहले तो हँसती थी। कहती थी, बताना मत, देखते हैं बाबा कब बोलते हैं।"

"मग?"

"फिर दिवाली के बाद हँसना बंद कर दिया। दर्द भी होने लगा था। मैंने कहा, मैं बता देती हूँ। तो गुस्सा हो गई मुझ पर।" तिने कप काढून ओट्यावर ठेवले. "बोली, उनको पेड़ की एक-एक टहनी दिखती है, मैं नहीं दिखूँगी क्या? रुक, वो ख़ुद बोलेंगे।"

चहा उतू जायला लागला होता. वैरागडेंनी पुढे होऊन गॅस बंद केला.

"कब तक रुकी वो?" त्यांनी विचारलं. मुलीशी ते पहिल्यांदाच हिंदीत बोलले होते.

"स्टेशन तक," मैत्रेयी म्हणाली. "मौसी के आने तक।"