फुकटच्या दुरुस्तीची घाई

वैशाली गेल्याचं मी नातेवाइकांना फोनवर सांगत होतो, तेव्हाच तिच्या उघड्या लॅपटॉपवर एका कंपनीची मेल आली... "तिसऱ्यांदा विचारतोय. दुरुस्ती कधी देणार?" याला आता दीड महिना होत आला. माझा राग गेलेला नाही.

माझी बायको उरणजवळच्या मोरा बंदरातल्या कोळी घरातली. लग्नाआधीच तिने एक छोटं सॉफ्टवेअर लिहून सगळ्यांना मोफत देऊन टाकलं होतं. संगणक एकमेकांना एक्सएमएल नावाच्या ठरलेल्या साच्यात माहिती पाठवतात. ती नीट वाचून देणं एवढंच त्याचं काम. मोठमोठ्या कंपन्यांनी ते उचललं आणि आपल्या मालात घातलं. वैशालीची आठवण त्यांना यायची ती काही बिघडलं की मगच. आठवडाभर नोकरी करून पनवेलजवळ विचुंब्याच्या आमच्या घरात ती रविवारी यांचं निस्तरत बसायची.

यंदा पनवेलला तिची केमो चालू असताना त्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक सापडलं. एका शब्दाच्या जागी दहा शब्द, त्या प्रत्येकाच्या जागी आणखी दहा, असं कुणी फाइलमध्ये लिहून ठेवलं की वाचता वाचता संगणकाची मेमरी भरून जाते आणि सगळं ठप्प. फाइल मात्र चिमूटभर. मेलवर मेल येऊ लागल्या. एकाने तर तिला "बेजबाबदार" म्हटलं. बेजबाबदार! यांच्याकडे पगारी इंजिनियरांनी मजलेच्या मजले भरलेत, त्यातल्या एकालाही ते बुजवावंसं वाटलं नाही?

तिची आई ताट घेऊन शेजारी उभी असायची. एकदा ती लॅपटॉपवरच खेकसली, "माझ्या पोरीला दोन घास खाऊ देनार का नाय? तुमाला घरदार हाय का नाय?"

"आई, हॉस्पिटलं पण हेच वापरतात गं," वैशाली म्हणाली. "कुणी मुद्दाम बंद पाडली तर?"

ताट बाजूला ठेवून तिने शब्दांच्या त्या वाढीला मर्यादा घालणाऱ्या ओळी लिहिल्या. तपासून पाठवायचं तेवढं राहिलं...

त्या तिसऱ्या मेलला मी उत्तर दिलं, "ती वारली." तासाभरात त्यांचं आलं, "ऐकून वाईट वाटलं. आता जबाबदारी कोणाकडे?" मी लिहिलं, "तुमच्याकडे," आणि तरीही तिच्या ओळी जोडून दिल्या. तिने दिल्याच असत्या. त्या बरोबर निघाल्या. कंपनीने दुरुस्ती जाहीर करताना श्रेय मात्र स्वतःच्या टीमला दिलं. वैशालीचं नाव कुठेच नाही.

मेल वाचून वैतागली की ती खुर्ची खिडकीकडे फिरवून, लॅपटॉपकडे पाठ करून बसायची. खुर्ची अजून तशीच आहे. मी ती टेबलाकडे वळवणार नाही.