हिरवी पट्टी आणि नवरात्राची ऑर्डर

थांबा थांबा, हातातलं काम ठेवा बाजूला! हे आत्ताच्या आत्ता सांगितलं न्हाय तर मला आज जेवण जायचं न्हाय.

मी भूमकडच्या एका खवा संघात कॉम्प्युटरवर बसते. आजूबाजूच्या वाड्यांवरच्या भट्ट्यांचा खवा आमच्याकडं जमा होतो, तिथून पुढं विकला जातो. आमच्या सरांनी नवीन रिपोर्टचं सॉफ्टवेअर घेतलंय आणि ते शिकायचं कुणी? मीच! सर म्हणले, "तुळजापूरचे पेढेवाले शेठ येणारेत. नवरात्रातला सगळा खवा यंदा एकाच भट्टीकडून घ्यायचा म्हणतात. कोण किती माल देतं ते टीव्हीवर दिसलं पायजे."

आता बघा, सगळ्यात जास्त खवा कुणाचा? आमच्या मावशींचा. सख्ख्या न्हायत, पण सगळा संघ त्यांना मावशीच म्हणतो. त्यांनी दुसरी भट्टी रचून ठेवलीय, नवी कढई आणून पालथी घातलीय, फक्त ऑर्डर मिळायची वाट. ऑर्डर आली की धाकट्या सुनेला बाहेर मजुरीला जायची गरज न्हाय. मला रोज विचारायच्या, "पोरी, त्या टीव्हीत माझी भट्टी नीट दिसंल ना गं?"

"मावशी, तुम्ही बघाच!"

लई जोशात बसले. बार चार्ट निवडला, भट्ट्यांची नावं ओढून खालच्या रेषेवर टाकली, खव्याचे किलो बाजूच्या रेषेवर. पट्ट्या उभ्या राहिल्या की धडाधड! पण सगळ्या एकाच निळ्या रंगाच्या, बेचव. मग भट्टीचं नाव रंगाच्या रकान्यात पण टाकलं, तर प्रत्येक पट्टीला वेगळा रंग! निळी, केशरी, जांभळी, आणि मावशींची हिरवीगार. वर सॉफ्टवेअरनं आपोआप एक लांबलचक इंग्रजी शीर्षक दिलेलं, ते घाण दिसत होतं म्हणून काढून टाकलं. एकदम स्वच्छ चार्ट! माझी मीच खूष.

शेठ आले, मावशी पण येऊन बसल्या, चहा आला, टीव्ही लावला. शेठ चष्मा वर करून बघायला लागले आणि त्यांचा चेहराच पडला.

"एवढा?"

मावशी लाजल्या. "व्हय, देवीची कृपा."

"अवो बाई, एवढा खवा हिरवा पडला आणि देवीची कृपा म्हणता?"

खव्याच्या धंद्यात हिरवा म्हंजे बुरशी आलेला, फेकायचा माल. इथं बारकं लेकरू पण हिरवा खवा म्हणलं की नाक दाबतं. आणि मी मावशींची सगळ्यात उंच पट्टी हिरवी करून, वर शीर्षक काढून, पेढेवाल्यासमोर टांगलेली!

मावशी उठल्याच. "कोण म्हणतंय हिरवा? माझ्या भट्टीचा? पोरी, काय दावतीस गं त्यास्नी?"

"शेठ, ते चांगल्या मालाचे किलो आहेत! रंग नुसता आहे, थांबा, बदलते."

घाईघाईत लाल केला. शेठ म्हणले, "आता करपला."

मागून सर कुजबुजले, "काळा नको करू हां."

हसावं का रडावं कळंना. शेवटी मावशींनीच पिशवीतून नमुन्याचा डबा काढला, खव्याचा गोळा थेट टीव्हीला लावून उभ्या राहिल्या. "हा घे रंग. असा कर."

मग काय, 'आणखी रंग' उघडून मी माउस सरकवत बसले आणि शेठ सांगतायत, "जरा पिवळा... न्हाय, एवढं तूप सुटलं न्हाय अजून... हां, आता दाणेदार!" सगळ्या पट्ट्या खव्याच्या रंगाच्या केल्या तर पांढऱ्या पडद्यावर दिसंनातच! मग कडंनं तपकिरी रेघ ओढली. प्रत्येक पट्टीच्या डोक्यावर किलोचा आकडा आणला, मोठ्या पट्टीपासून बारक्या पट्टीकडं लावल्या, आणि वर ठळक मराठीत लिहिलं, 'विकलेला चांगला खवा'.

शेठ आता खुर्ची पुढं ओढून बसले. "उन्हाळ्यात दूध आटतं, तवा काय करता बाई?"

मावशींनी माझ्याकडं बघितलं. मी भट्ट्यांची नावं काढून खाली महिने टाकले, आणि फक्त मावशींची भट्टी ठेवली. मे महिन्याची पट्टी बाकीच्या महिन्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी! मावशी हळूच म्हणल्या, "लेकीच्या गावचं दूध आणते तवा. म्या कढई कधी रिकामी ठेवत न्हाय."

शेठनी डब्यातला खवा बोटावर घेऊन चाखला, परत टीव्हीकडं बघितलं, आणि म्हणले, "नवरात्राचा माल तुमचाच. पण हिरवा आला तर तुमच्या दारात आणून टाकीन."

"आणा की. सोबत तुमचे पेढे बी आणा, बघू कुणाचं आधी हिरवं पडतंय!"

शेठ असे हसले की बशीतला चहा सांडला. सर टेबल पुसायला पळाले, आणि मावशी माझ्या मागं येऊन पडद्यावर बोट ठेवून म्हणतात, "एवढ्या बारीक पट्टीत माझी नवी कढई बसंल का? जरा जाड कर की."

केली ना! पट्ट्यांमधली फट कमी केली, पट्टी जाडजूड झाली. मावशींनी तिचा फोटो काढून सुनेला पाठवला, खाली बोलून निरोप, "भट्टी सारवून घे, ऑर्डर आपलीय."

आता तुम्ही सांगा, खरं सांगा हां, तुमच्याकडं पण एखाद्या रंगानं असा गोंधळ घातलाय का? का हे असलं फक्त आमच्याच ऑफिसात होतं?